हद्दीपलीकडचं लग्न

१९७९ सालातली ती फाल्गुनातली सकाळ होती. कर्नाटकाच्या हद्दीवरल्या खजुरीत हणमंतरावांच्या अंगणात गडी तुरीची पोती शिवत होते आणि ओसरीवर रेडिओ चालू होता. गावातला पहिला रेडिओ त्यांचा, विहिरीवरची पहिली विजेची मोटारही त्यांचीच. शाळा समितीचे ते अध्यक्ष होते. महिला मंडळाला शिलाई मशीन मिळालं, तेव्हा स्त्रियांच्या प्रगतीवर तासभर बोलले होते.

समोरच्या खुर्चीवर यशोधरा बसली होती. गुलबर्ग्याच्या स्टेशनवर हमाली करणाऱ्या पिराजीची ही लेक कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती. खेडी किती आधुनिक झाली आणि त्यानं बायकांचं आयुष्य किती बदललं, याची पाहणी करायला तिच्या प्राध्यापकांनी तिला पाठवलं होतं. हातात चाळीस प्रश्नांचा छापील कागद होता. उत्तरं घरच्या बाईनं द्यायची होती. ती बाई, सोजराबाई, दाराआड उभी होती. उत्तरं हणमंतराव देत होते.

"घरातले निर्णय कोण घेतं?"

"दोघं मिळून. लिवा."

"काका, हे अक्कांनी सांगायचं आहे."

"तिला काय इचारायचं? मी सांगायलोय की! स्टो हाय, कुकर हाय, पोरगी सातवीला हाय. काय कमी हाय तिला?"

यशोधरानं लिहून घेतलं. मोटार बंद पडल्याचा निरोप आला म्हणून हणमंतराव मळ्याकडे गेले. तिनं पाणी मागितलं, तशी सोजराबाई तिला परसात घेऊन गेली. तिथं तेरा वर्षांची कस्तुरा हळकुंडं निवडत बसली होती. मांडीवर भूगोलाचं पुस्तक उघडं होतं.

"बाई," सोजराबाई हळूच म्हणाली, "पोरगी किती शिकली ते इचारलाव. तिचं लगीन कंदी हाय, ते तुमच्या कागदात न्हाई का?"

यशोधरा चमकली. "लग्न? हिचं?"

"येत्या सोमवारी. नवरा उमरग्याकडचा, कारकून हाय. पैली बायको मेलीय त्याची." तिनं लेकीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मला बारावं होतं. चौदाव्या साली बाळंत व्हताना तीन दिस अडले. लेकरू गेलं. अजून घागर उचलली की कमरंतून जीव जातोय. कुणाला सांगू?"

'फक्त लिहून आणा, मध्ये पडू नका,' असं प्राध्यापकांनी बजावलं होतं.  तरी कोरा कागद काढून यशोधरानं तहसीलदारांना अर्ज लिहिला. मुलीचं वय अठरा हवं असा कायदा झाला आहे, हे लग्न थांबवावं.

"सही येते?"

"कस्तुरानं शिकिवलीय." सोजराबाईनं पेन घेतलं. अक्षरं वाकडी आली, पण आली.

यशोधरानं तो अर्ज तहसील कचेरीत दिला. तिसऱ्या दिवशी तिथला शिपाई येऊन हणमंतरावांना समज देऊन गेला. त्यांनी बायकोवर हात उचलला नाही. शांतपणे म्हणाले, "हितं लावायचं न्हाई म्हणत्यात ना? मग हद्दीपल्याड लावू. तीन कोसावर म्हाराष्ट्र. हितला सायब तिथं येत न्हाई."

त्या दिवसापासून सोजराबाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. यशोधरा पुन्हा आली, तर तिला वेशीवरूनच परतवलं. घरात पाहुणे जमले, बांगड्या भरल्या गेल्या. कस्तुरा रोज एकच विचारायची, "माय, सोमवारी पैला पेपर हाय. जाऊ का?" सोजराबाई तिच्या केसांत तेल घालत राहायची.

सोमवारी दारात ट्रॅक्टर उभा राहिला. पाहुण्या ट्रॉलीत चढू लागल्या. "देवाच्या पाया पडून आणते," असं सांगून सोजराबाईनं लेकीचा हात धरला. नवरीला कोण अडवणार? देऊळ आलं, मागं पडलं. तिची पावलं थांबली नाहीत. मुंडावळ्या बांधलेली कस्तुरा तिच्यामागं जवळजवळ पळत होती.

शाळेत बंडेप्पा गुरुजी पेपर वाटत होते.

"गुरुजी, हिचा नंबर कुठं हाय?"

गुरुजींनी मुंडावळ्यांकडे पाहिलं आणि बाकाकडे बोट केलं. सोजराबाई वर्गाच्या दारात आडवी बसली.

भावकीतल्या चौघांना घेऊन हणमंतराव धावत आले. मागं निम्मं गाव होतं.

"ऊठ! मुहूर्त टळायलाय!"

"टळू द्या."

"लोक बघायलेत!"

"म्हणून तर हितं बसलेय. शाळंचे अध्यक्ष तुमी. वढा तिला पेपरातून, समद्या गावादेखत. आधी मला तुडवा."

हणमंतरावांनी गुरुजींकडे पाहिलं. "हणमंतराव," गुरुजी म्हणाले, "पेपर सुरू झालाय."

दुपारी पेपर संपला, तेव्हा मुहूर्त टळून गेला होता.

सोजराबाईला पुन्हा चुलीपाशी कुणी येऊ दिलं नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत ती वेगळी शिजवून खाऊ लागली. नवरा बोलेना, जावा पाणी देईनात. कस्तुराला मामानं आळंदला शाळेसाठी नेलं.

पंधरा दिवसांनी यशोधरा वेस टाळून गोठ्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून सोजराबाईनं हातातलं शेण खाली ठेवलं.

"काय झालं बाई?"

"अक्का, त्याच कारकुनाचं लग्न ठरलंय. परवा. मुलगी हद्दीपलीकडच्या गावची आहे. बारा वर्षांची."

सोजराबाईच्या मनात आलं, आपली वाचली, तिच्या जागी दुसरी चालली.

"तिला माय हाय का?"

"आहे."

तिनं हात धुतले आणि डोईवर पदर घेतला. ओसरीवरून हणमंतराव ओरडले, "कुठं जायलीस?"

"हद्दीपल्याड," सोजराबाई म्हणाली आणि यशोधराच्या पुढं चालू लागली.