सव्वा महिन्याचा नियम

पंच्याण्णव साली बंगळुरात मराठी माणसाला मनातलं बोलायला एक जागा होती, आणि ती माझ्या जेवणाच्या टेबलावर होती. तिचं नाव 'ओटा'. एक संगणक, एक मोडेम आणि घरचाच फोन. पहाटे पाच ते आठ या वेळात सभासदाने आपल्या संगणकावरून माझ्याकडे फोन लावायचा. मोडेम शीळ घालायचा, आणि तो माणूस ओट्यावर येऊन बसायचा. आधीच्यांनी लिहिलेलं वाचायचा, आपलं काही लिहायचा, निघून जायचा. आठ वाजता माझी बायको प्रमोदिनी वायर काढून टाकायची, कारण तिच्या आईचा पुण्याहून फोन यायचा, आणि तिच्या आईपुढे मोडेमचं काही चालत नसे.

लाइन एकच, त्यामुळे ओट्यावर एका वेळी एकच माणूस. त्रेपन्न सभासद होते आणि त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. एक जण उठून गेला की दुसरा यायचा, जागा अजून उबदार असायची, एवढीच काय ती ओळख. मी आतल्या खोलीत अर्धवट झोपेत शीळ ऐकत पडलेला असायचो. एका शिळेला नाव असायचं, दुसरीला चेहरा, आणि कधीकधी सगळे माझ्या उशापाशी रांगेने बसून इंग्रजी अक्षरांतलं मराठी कुजबुजताहेत असं वाटायचं.

नियम नव्हते तोवर भांडणंही नव्हती. मग नंदू आला. मुंबईहून संगणकाच्या नोकरीवर आलेला. पहिल्याच दिवशी त्याने सतरा निरोप लिहिले. बंगळुरात धड पाव मिळत नाही यावर नऊ, रिक्षावाले मराठी का शिकत नाहीत यावर सात, आणि आधीचे सोळा कुणी का वाचले नाहीत यावर एक. बैठक घेऊन आम्ही त्याला समितीवर घेतलं. अशा माणसाला बाहेर ठेवण्यापेक्षा आत ठेवणं बरं. आत येताच त्याने मुद्दा मांडला की नव्या माणसाला आल्या आल्या लिहू देणं धोक्याचं आहे.

"किती दिवस थांबवायचं?" मी विचारलं.

नंदूला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. "सव्वा महिना," तो म्हणाला. "नव्या जिवाला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. वाचायला कुठे बंदी आहे? ऐकू दे ना नुसतं. बाळ काय करतं?"

"रडतं," प्रमोदिनी म्हणाली. हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.

संगणकाला सव्वा कळत नाही, म्हणून अडतीस दिवस ठरले. नियमाची भाषा माझी. त्यात मी हौसेने आणखी एक कलम घातलं: एकाच फोनवरून दुसरा अर्ज आला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. हे कलम वाचून मला स्वतःबद्दल आदर वाटला होता.

नोव्हेंबरच्या चार तारखेला स्मिताचा निरोप आला. स्मिता नागपूरची, नोकरीसाठी आलेली, चामराजपेटेत वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहणारी. महिनाअखेरीला कंपनी तिला अमेरिकेला पाठवणार होती. तिने लिहिलं होतं: 'रोज पहाटे झोपेत एक बाईचा आवाज येतो. मराठीत. बाकी काही कळत नाही, फक्त शेवटी "उठलीस का गं" एवढं कळतं. मी रोज म्हणते, उठले. पण आवाज फुटत नाही, आणि जागी होते तेव्हा गल्लीत कुणी नसतं. तीस तारखेला मी जाणार. कुणाला माहीत आहे का, ती कोण आहे?'

ओट्याने यावर मनापासून विचार केला. एकाने रेडिओ सांगितला. एकाने पित्त सांगितलं. नंदूने उशी बदलायला सांगितलं.

वाचायला ओटा कुणालाही खुला होता, लिहायला अर्ज लागे; सात तारखेला असा एक नवा अर्ज आला. नाव विठोजी, वय सहासष्ट, टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त. 'बंगळुरात किती वर्षं?' या रकान्यात त्यांनी भरलं होतं नव्याण्णव. 'सभासद का व्हायचं आहे?' यासाठी आम्ही तीन ओळींची जागा ठेवली होती. त्यात होतं: 'स्मिताबाई ऐकतात तो आवाज आमच्या अक्काचा. त्यांना स्वल्प सांगायचं आहे. लौकर सोय करा.'

सहासष्ट वर्षांचा माणूस बंगळुरात नव्याण्णव वर्षं आहे म्हणतो, तेव्हा शहाण्या माणसाने काय समजावं? मी समजलो की कुणीतरी टवाळी करतंय. अर्ज मंजूर केला, लिहिण्याची परवानगी पंधरा डिसेंबरपासून.

दुसऱ्या दिवशी त्याच फोनवरून गिरीराज नावाचा अर्ज आला. वय अडुसष्ट, बंगळुरात नव्याण्णव वर्षं. तीन ओळी: 'अक्का म्हणजे कृष्णाबाई, वय एकोणऐंशी. गल्लीतल्या मराठी पोरांना शाळेसाठी उठवायचं काम लहानपणापासून तिच्याकडं. पोरं गेली, अक्का अजून उठवते.' मी कलमाप्रमाणे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग राजलक्ष्मी आली, मग सौम्या, मग अभिराज. सगळ्यांची साठी उलटलेली, सगळ्यांची वर्षं नव्याण्णव, आणि सगळ्यांचा फोन एकच. मी तीन ओळी वाचणं सोडून दिलं आणि नुसता दिवस मोजत राहिलो. विठोजींची तारीख रोज एकेक दिवस पुढे सरकत होती. ओट्याच्या दारावर, म्हणजे पहिल्या पडद्यावर, 'आजचे नवे सभासद' म्हणून एकेक नाव उमटत होतं, आणि पहाटेच्या झोपेत मला वाटायचं, कुठूनतरी एक अख्खी शाळा माझ्या घराकडे चालत येते आहे.

सव्वीस तारखेला स्मिताने लिहिलं: 'दारावरची ही नावं कुणाची? गिरीराज, राजलक्ष्मी, सौम्या. मी झोपेत हीच नावं ऐकते. आज वाचली तेव्हा कळलं.'

मी उठून बसलो. वीस अर्ज होते, ते ओळीने वाचले. एकाखाली एक लावले तर ते सरळ एक पत्र होतं. अक्का रोज पहाटे दारोदार जाऊन याच नावांच्या, गल्ली सोडून गेलेल्या पोरांना हाका मारते, त्यात लिहिलं होतं. कुणी ओ देत नाही. विठोजींनी स्वतः कोपऱ्याआडून ओ देऊन पाहिली, तर अक्का म्हणाली, तुझा आवाज मला कळत नाही का रे? आता ती म्हणते, हा महिना बघते. एकानेही ओ दिली नाही तर पहिल्या तारखेपासून उठायचीच नाही. आणि विठोजींना भीती ही होती की अक्का जे बोलते ते करते. शेवटच्या अर्जात होतं: 'स्मिताबाईंनी एकदा ओ द्यावी, एवढंच.'

दुपारी ऑफिसातून मी त्या नंबरवर फोन लावला.

"हलो, यारु?" पलीकडून कन्नडात 'कोण' आलं.

"मी ओट्यावरून बोलतोय. नमस्कार."

"मराठी? हां, बोला बोला. मी विठोजी. आमच्या अर्जाचं काय झालं?"

"कुठल्या अर्जाचं? वीस आहेत."

"कुठलाही द्या की. आमचा हट्ट नाही."

"नव्याण्णव वर्षं म्हणजे काय हो ते?"

"तीनशे लिहिलं तर तुमचं मशीन घेईना. दोनच आकडे घेतंय. मग मावलं तेवढं लिहिलं. आमचे लोक फौजेबरोबर आले. फौज परत गेली, आम्ही राहिलो. तुमी कवा आलात?"

"एक्याण्णवला."

"अय्यो!" पलीकडे खरोखरची काळजी होती. "मग स्वल्प सांभाळून राहा हं. आणि तुमाला लिहायला देतात?"

"नियम मीच केलाय."

"सरी, सरी," ते घाईने म्हणाले. आजारी माणसाशी वाद घालू नये, तसे.

मी म्हटलं, मी आजच स्मिताला सांगून टाकतो. ते चालणार नव्हतं, आणि स्वतः जाऊन तिचं दार वाजवणंही नाही: तिने ओट्यावर विचारलं, तर उत्तरही ओट्यावरच द्यायचं. "घरचं बोलावणं घरच्याच माणसानं करायचं असतं. लग्नाची अक्षत तुमी पोस्टमनच्या हाती देता काय? उद्या अक्कानं विचारलं, हिला कोण बोलवायला गेलं होतं, तर काय सांगू? समिती?"

संध्याकाळी समिती बसली. नंदू म्हणाला, "अपवाद केला की नियम मेला. मतदान घ्या." मतदान घेतलं असतं तर त्रेपन्न सभासद, लाइन एक, निदान दहा दिवस. स्मिताला उरले होते तीन.

"आणि नवा म्हणजे कोण, ते आधी ठरवा," प्रमोदिनी म्हणाली.

मी उठून संगणकापाशी गेलो. विठोजींची नोंद उघडली. अडतीस दिवस ज्या तारखेपासून मोजतात ती 'रुजू तारीख' खोडली आणि त्या संगणकाला ठाऊक असलेली सर्वांत जुनी तारीख घातली: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. ओटा निघण्याच्या आधी चौदा वर्षं विठोजी ओट्याचे सभासद झाले.

"हे धडधडीत खोटं आहे," नंदू म्हणाला.

"तीनशेतली पंधराच तर दिलीत," प्रमोदिनी म्हणाली. "बाकीची मागायला आले तर तू बोल त्यांच्याशी."

सत्तावीसला फोन करून विठोजींना कळवलं, आणि अठ्ठावीसला पहाटे शीळ वाजली तेव्हा मी टेबलापाशीच होतो. त्या मोडेमवर अक्षरं एकेक करून यायची, भिंतीवरून मुंग्या चालाव्यात तशी. 'स्मिताबाईंना सप्रेम नमस्कार,' मुंग्या म्हणाल्या. 'तुमाला झोपेत हाक मारते ती आमची अक्का. उद्या हाक आली की खिडकीतनं ओ द्या. जोरात द्या. कळावे.' मग लाइन सुटली. थोड्या वेळाने दुसरी शीळ आली. स्मिता. ती आली, तिने वाचलं. पडद्यावरचा चौकोन बराच वेळ नुसता लुकलुकत होता. मग तीही गेली.

एकोणतीसला ओटा पहिल्यांदाच बंद ठेवला. प्रमोदिनी आणि मी चामराजपेटेत पोचलो तेव्हा गल्लीत धुकं होतं, आणि दिवे असे दिसत होते की जणू कुणीतरी ते पाण्याखाली लावलेत. विठोजी गळ्याला मफलर गुंडाळून पायरीवर बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

कृष्णाबाई दिसायला एवढीशी होती. हातात सड्याची बादली. ती एका दारापुढे थांबली. तिथे आता झेरॉक्सचं दुकान होतं. "गिरीराजा, उठलास का रे?" ती म्हणाली. हाक नव्हतीच ती, गाण्यात आणि बोलण्यात मधे काहीतरी असतं तसं होतं. पोराला डोळे चोळून ओ द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा ती थांबली. सडा टाकला. पुढच्या दाराला कुलूप होतं. "अभिराजा, उठलास का रे?" पुन्हा तेवढीच थांबली. मला एकदम वाटलं की झोपेत आहे तो मी, आणि जागी आहे ती एकटी बाई.

"राजलक्ष्मी, उठलीस का गं?"

काहीच नाही. विठोजींनी मफलरचं टोक मुठीत धरलं होतं.

वर कुठेतरी खिडकीची कडी वाजली. "ओ!" एक घोगरा, झोपेने भरलेला आवाज आला. मग गळा साफ करून पुन्हा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा: "ओ! उठले!"

अक्काने बादली खाली ठेवली. धुक्यात वर पाहत राहिली.

"विठ्या," ती म्हणाली, "हा राजलक्ष्मीचा आवाज नव्हे."

"नव्हे अक्का. ही नवीन आहे. मार्चात आली."

"नवीन असली तर काय? उठली ना?" मग वर तोंड करून, "तोंड धुतलंस?"

"नाही अजून!"

"मग धू की! आणि खाली ये, कॉफी टाकते. अशी खिडकीत उभी राहून बोलू नये."

"अक्का," विठोजी हळूच म्हणाले, "मग पहिल्या तारखेपासून..."

"पहिल्या तारखेपासून काय? एक उठली. बाकीच्यांना कोण उठवणार, तू?"

तिने बादली उचलली आणि पुढच्या दाराशी गेली. "सौम्या, उठलीस का गं?" म्हणाली, आणि या वेळी मघापेक्षा थोडी जास्त थांबली.