हातात पेटणारा दिवा

ना तार, ना बटण. तेजबाबांनी नुसता तळहातावर धरला आणि दिवा लख्ख पेटला. खच्चून भरलेल्या सभागृहाने श्वास रोखला. कोणी रडू लागलं, कोणी खुर्चीवरून उतरून जमिनीला डोकं टेकलं.

"सूर्य म्हणजे साक्षात चैतन्य!" बाबा गरजले. पाचही बोटांतल्या अंगठ्या चमकल्या. "आणि तुम्ही? छपरांवर काळ्या काचा टाकून त्याला जळवांसारखे शोषता! म्हणून विहिरी आटल्या, म्हणून म्हाताऱ्यांच्या छातीत दम उरला नाही. उतरवा त्या काचा, शुद्धीसाठी माझ्याकडे आणा आणि हा दिवा घेऊन जा. याला इंधन नको, श्रद्धा हवी. लहरी, कंपनं, सूक्ष्म ऊर्जा! विज्ञानाला हे कळायला अजून हजार वर्षं आहेत!"

मागच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. त्यांची नजर मंचावर नव्हती, कारण शेजारी हात जोडून बसलेल्या दिरांच्या खिशातून पाना आणि पक्कड डोकावत होती.

"भाऊजी, हे कशाला?"

"इथून थेट गच्चीवर, वहिनी. आईला आता बाबाच बरं करतील."

घरी सासूबाई प्राणवायूच्या यंत्रावर होत्या. वीज म्हणजे लहरी पाहुणी, आली तर आली. यंत्र अखंड चालायचं ते गच्चीवरच्या सौर पॅनेलवर आणि त्याने भरणाऱ्या बॅटरीवर.

"आणि शिंपीदादांच्या वडिलांचं काय झालं?" बाईंनी हळू विचारलं.

दिरांनी मान वळवली. "त्यांची श्रद्धा कमी पडली, म्हणाले बाबा."

शिंप्याने पॅनेल उतरवून दिलं होतं, बदल्यात दिवा आणला होता. मग वीज गेली आणि वडिलांचं प्राणवायूचं यंत्र थांबलं. खोलीत बाबांचा दिवा मात्र शिंप्याच्या तळहातावर झगझगीत जळत होता. त्याच्या उजेडात म्हाताऱ्याचे ओठ निळे पडताना सगळ्या घराला नीट दिसले.

बाई काही नास्तिक नव्हत्या. भजन कानावर पडलं की त्या हातातलं काम सोडून सूर मिसळायच्या. म्हणूनच त्यांना जास्त संताप येत होता. ज्याचं नाव घेऊन माणसं जगतात, त्याच्या नावाने हा जीव घेतो?

त्या उठणार, तोच पुढच्या रांगेतून शिंप्याची मुलगी उभी राहिली. पाचवीतली, बाईंच्याच वर्गातली. "बाबा, हा आमचा दिवा. पेटत नाही."

"श्रद्धेने धर, बाळ."

"धरला. आता तुम्ही धरा ना. तुमची काही कमी पडायची नाही."

कुठेतरी फिस्सकन हसू फुटलं. बाबांनी दिवा घेतला, डोळे मिटले, पुटपुटले, अंगठ्या घासल्या. अंधारच.

"त्या घरात मृत्यू झालाय," ते गंभीरपणे म्हणाले. "दिवा शोकात आहे."

"शोकात नाही, रिकामा आहे." मुलगी बोलत राहिली. "आधी लख्ख होता, मग मिणमिणला, मग विझला. वर्गात आम्ही प्रत्येक वस्तूला विचारतो, तुझ्यात शक्ती कुठून आली? धान्यात उन्हातून, गिरणीत विजेतून, विजेत वाऱ्यातून किंवा कोळशातून. याच्यात कुठून आली?"

बाई दिरांच्या खिशातली पक्कड घेऊन तडक पुढे गेल्या. दिव्याचं पांढरं टोपण कडकन फुटलं. आत बोटभर बॅटरी.

"असे दिवे दुकानात मिळतात," त्या म्हणाल्या. "वीज असताना बॅटरी भरते, वीज गेली की त्यावर जळतो. बुडाशी धातूचे दोन भाग आहेत, त्यांना एकदम बोट किंवा अंगठी टेकली की पेटतो." त्यांनी मंचावर वाटपासाठी रचलेल्या दिव्यांतला एक नवा दिवा मुलीच्या हातात दिला. बोट टेकताच तो पेटला. "आता सांगा, ही पण बाबा का?"

"पण ही बॅटरी भरली कुठे?" मागून कोणीतरी ओरडलं.

दीर उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "बाबांच्या मागच्या छपरावर. शिंपीदादांचं पॅनेल मीच तिथे चढवलं. शुद्धीसाठी उन्हात ठेवायचंय म्हणाले. तारा खाली दिव्यांच्या कोठीत गेल्या होत्या. मी... मी विचारलं नाही."

"ध्यानाची वेळ झाली," म्हणत बाबा मागच्या दाराकडे सरकले. दारात आधीच चार माणसं उभी होती.

मुलीशेजारी बसलेला शिंपी उठून बाईंसमोर आला. "बाई, पॅनेल असतं तर बाप वाचला असता?"

खोटं बोलावंसं वाटलं त्यांना, मनापासून. "हो, दादा. त्या दिवशी तरी वाचले असते."

त्याने मुलीच्या हातातला दिवा काढून मंचावर ठेवला.

बाई सभागृहाकडे वळल्या. "देवाला माना, मीही मानते. त्याने ऊन सगळ्यांच्या छपरावर सारखं टाकलंय. ते घेतल्याने सूर्य झिजत नाही; कोळशाच्या धुराने मात्र आपल्या पोरांची हवा नासते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, आत काय आहे? विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो भोंदू."

 शिंप्याने दिरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, ते पॅनेल उतरवू. शाळेवर बसव, पोरांना रोज दिसेल असं. आमच्या घरात आता त्याचं काम उरलं नाही."