बाकीचे सर पुढच्या मंगळवारी

मोठ्या सरांनी आयुष्यात कुठलंच काम अर्धवट सोडलं नव्हतं. त्या मंगळवारी ते दुसरीच्या वर्गाकडे निघाले तेसुद्धा एक काम हातावेगळं करायलाच. चित्रकलेचा तास बंद करून त्या जागी गणिताची उजळणी घ्यावी, असा आदेश त्यांनी स्वतः लिहून, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. चित्रकलेच्या बाई शाळेत नव्या होत्या, आवाजही बारीक. त्या फार वाद घालणार नाहीत असा सरांचा अंदाज होता.

बाई खरंच वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. आल्यापासून तीन आठवडे त्यांनी पोरांच्या हातात पेन्सिलच दिली नव्हती, नुसतं बघायला लावलं होतं. एखाद्या वस्तूकडे बघायचं, डोळे मिटायचे आणि काय काय दिसलं ते सांगायचं. दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली झोपडी हे चित्र न बघता काढता येतं, म्हणून ते घरी काढायचं. वर्गात फक्त जे समोर आहे ते. त्या दिवशी पहिल्यांदा कागद वाटले गेले होते आणि समोर होतं वर्गाचं दार.

ते दार उघडून मोठे सर उभे राहिले. डावा हात कडीवर, उजव्या हाताचं बोट ‘एक मिनिट’ म्हणायला वर केलेलं, तोंड किंचित उघडं.

“सर, हलू नका,” पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. दाताचे डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात तसं ती म्हणाली, आणि ‘आ करा’ म्हटल्यावर माणूस जसा आ करतो तसे सर थांबले. बेचाळीस डोकी वर झाली, खाली गेली, पुन्हा वर झाली. बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दारात जे आहे ते काढा असं आपणच सांगून बसलोय, असं त्यांनी हळूच सरांना सांगितलं. सरांनाही वाटलं, पाच मिनिटांत आटपेल.

घंटा झाली तेव्हा कुणाचा बूट झाला होता, कुणाची कडी. चष्मेवालीचा एक कान झाला होता. फक्त कान, पण असा हुबेहूब, की सरांनी आपला जागेवर आहे ना म्हणून चाचपून पाहिला.

“बाकीचे तुम्ही पुढच्या मंगळवारी,” ती म्हणाली.

सरांनी हो-नाही न करता खिशात हात घातला. आदेश द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण मागच्या बाकावरच्या जाड्यानं उठून नम्रपणे सांगितलं, की खिशातून त्या कागदाचं टोक दिसतंय, ते बऱ्याच जणांनी काढलंय, आता कागद बाहेर आला तर सगळ्यांचं चुकेल. सरांनी विचार केला. पोराच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी हात रिकामाच बाहेर घेतला.

पुढच्या मंगळवारी ते बुटांना पॉलिश करून आले आणि तिथंच फसले. डाव्या बुटावर मागच्या वेळी चिखल होता, तो चित्रांत काढून झाला होता. आता बूट स्वच्छ कसा? शिपाईमामा मैदानाच्या नळाजवळून ओंजळभर चिखल घेऊन आले. सरांनी बूट पुढे केला आणि बेचाळीस जणांच्या देखरेखीखाली तो होता तसा बरबटून घेतला. मग मामांनी पावलांभोवती खडूनं रेघ मारून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. मंगळवारी दुसरीतली पोरं पाणी प्यायला सरांच्या काखेखालून ये-जा करू लागली. सह्यांची वही घेऊन आलेले कारकून दोनदा परत गेले, कारण सही करायचा हात वर होता.

घरी बायकोनं चौथ्या आठवड्यात विषय काढला. तिच्या भावाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि नवऱ्याचे केस कानावर आले होते. केस कापायचे नाहीत, निम्म्या वर्गाचं डोकं अजून व्हायचंय, असं सरांनी सांगितलं.

“दुसरीतली पोरं सांगतात आणि तुम्ही ऐकता,” ती म्हणाली. “मी सव्वीस वर्षं सांगतेय, त्याचं काय?”

लग्नात सर तसेच गेले. फोटो काढताना सवयीनं त्यांचं बोट वर गेलं, आणि सगळं वऱ्हाड त्यांना काहीतरी सांगायचंय म्हणून बराच वेळ गप्प उभं राहिलं.

सहाव्या मंगळवारी तपासणीला साहेब आले. सर दारातच असल्यामुळे साहेबांना वर्गात जाता येईना.

“वाकून या, साहेब,” सर ओठ न हलवता म्हणाले. “हाताखालून.”

साहेब वाकले. निम्मे आत आले असतील नसतील, तोच चष्मेवालीनं त्यांना थांबायला सांगितलं. सरांच्या हाताखालची जागा कागदावर सहा आठवडे रिकामी होती आणि तिथं काय काढावं हे तिला समजत नव्हतं. साहेब तसेच वाकून राहिले आणि तपासणी त्याच अवस्थेत सुरू झाली.

“चित्रकला बंद करणार होतात ना तुम्ही?”

“हो. आदेश खिशात आहे.”

“मग काढा की बाहेर.”

“काढता येत नाही, साहेब. तो चित्रात आहे.”

साहेब विचारात पडले. “किती जणांच्या?”

“एकतीस.”

“मग अवघड आहे,” साहेब म्हणाले.

तास संपल्यावर शिपाईमामांनी त्यांना खांद्याला धरून हळूहळू सरळ केलं. अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली: मुख्याध्यापक जागेवर आढळले.

आठव्या मंगळवारी चित्रं पूर्ण झाली. बाईंनी ती सुतळीवर चिमट्यांनी टांगली आणि सर, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, दारातून आत आले. बेचाळीस मोठे सर ओळीनं लटकत होते. जाड्याच्या कागदावर बूटच एवढे मोठे झाले होते, की डोकं मावलं नव्हतं; ते त्यानं पाठीमागच्या बाजूला काढलं होतं. बाईंनी तो कागद उलटा करून सरांना त्यांचं डोकं दाखवलं. सर प्रत्येक कागदापुढे थांबत गेले. शर्टाचं दुसरं बटण दोऱ्यावर लोंबतंय हे त्यांना तिथं कळलं. एक खांदा खाली आहे हेही.

चष्मेवालीच्या चित्रात साहेब काखेखाली शांतपणे वाकलेले होते. वर केलेल्या बोटाशेजारी तिनं तीन बारीक रेघा मारल्या होत्या. या कशाच्या, असं सरांनी विचारलं.

“ते हलतंय,” ती म्हणाली. “तुम्ही हलू नका म्हटलं तरी बोट हलतच होतं. दर मंगळवारी.” मग चष्मा वर सारून तिनं विचारलं, “वर्गात यायची भीती वाटते का तुम्हाला?”

बाई खाली बघू लागल्या. सरांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती आणि असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“वाटते,” ते म्हणाले.

“मग आधी टकटक करत जा,” चष्मेवाली म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला गेली.

आदेशावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती, त्यामुळे तो रद्दीत गेला आणि चित्रकलेचा तास होता तिथं राहिला. मंगळवारी सर टकटक करून यायला लागले आणि शेवटच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसायला लागले. बाईंनी त्यांनाही तीन आठवडे पेन्सिल दिली नाही.

चौथ्या आठवड्यानंतरच्या रविवारी दुपारी ते कागद घेऊन स्वयंपाकघरात बायकोसमोर बसले. ती मटार सोलत होती. काय चाललंय ते लक्षात आल्यावर तिचा हात शेंगेवरच थांबला. पाऊण तासात तिचं नाक काढून झालं. तिनं कागद ओढून घेतला, लांब धरून पाहिला.

“हे माझ्या भावाचं नाक आहे,” ती म्हणाली.

“तुमची दोघांची नाकं सारखीच आहेत.”

ती उठली, खिडकीचा पडदा सरकवला, खुर्ची उजेडाकडे फिरवली आणि दुसरा गाल पुढे करून बसली. या बाजूनं आपण बऱ्या दिसतो, असं तिचं म्हणणं होतं. सरांनी कागदाची नवी बाजू वर केली आणि आधी नुसतं बघायला सुरुवात केली.