काचेवरची काठी

माझा डोळा गेला असं कंपनीने कागदावर लिहून घेतलं, त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट सरळ आहे की वाकडी तेच बघत फिरते. दाराची चौकट, विजेचा खांब, बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या बाईच्या साडीचा काठ. एक डोळा मिटून बघते, मग दुसरा. आमची सून पूजा म्हणते, आई, लोक विचारतात, तुमच्या सासूबाई डोळा का मारतात. आणि हसते मेली. मला कुठलं हसू येतंय.

सातपूरला आमचा कारखाना आहे. पूल आणि स्नूकर खेळायच्या काठ्या बनतात तिथे. खेळणारे क्यू म्हणतात, आम्ही काठीच म्हणतो. मी बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. टेबलावर जाड काच, काचेवर काठी, काठीवर माझा तळहात. हळूच फिरवायची. सरळ असेल तर काचेवरून एकसारखी घरघर येते, जातं फिरल्यासारखी. केसाएवढा जरी बाक असला, तरी टक, टक, टक. नव्या पोरींना वाटायचं, चांगुणामावशी वाकून काठीखालचा उजेड बघते. बघायचे तसं मी, नाही कशाला म्हणू. पण ते नंतर. निकाल आधी कानात लागलेला असायचा.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आपली विद्या सगळी उघडी करू नये, असं वाटायचं. लोक म्हणायचे मावशीची नजर म्हणजे नजर, आणि मी गप्प राहून ते ऐकून घ्यायचे. बरं वाटायचं ना कानाला. ती हौस मला पुढे चांगलीच नडली.

जुने मालक देवरे साहेब. त्यांच्या वेळी लाकूड आलं की आधी वाळवणीच्या खोलीत टांगलं जायचं. मग लेथवर थोडं कातायचं, पुन्हा दोन महिने टांगून ठेवायचं. असं पाच वेळा. प्रत्येक काप दिला की लाकूड आतून हलतं, कुरकुरतं, कुठेतरी वळतं. त्याला काय वळायचं ते वळू द्या आणि मग पुढचा काप द्या, असं ते म्हणायचे. एका काठीला वर्ष लागायचं. कुणी घाई केली तर साहेब त्याला त्या खोलीत नेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, ह्यांना विचार, तयार आहेत का.

दोन दिवाळ्यांमागे त्यांनी कारखाना विकला. मुलगा परदेशात, स्वतःचे गुडघे गेलेले, काय करणार. नवे मालक आम्ही आजतागायत पाहिलेले नाहीत. त्यांनी रविराज साहेबांना मॅनेजर म्हणून पाठवलं. तरणा माणूस, शर्ट खोचलेला, सगळ्यांशी गोड बोलणार. तेच तर वाईट. शिव्या देणाऱ्याला उलटून बोलता तरी येतं. महिन्याभरात वाळवणीची खोली रिकामी झाली आणि तिथे खोक्यांचं गोदाम आलं. पाचही काप एका दिवसात व्हायला लागले. सकाळी ओंडका, संध्याकाळी काठी.

पूर्वी शंभरातल्या तीन काठ्या मी बाजूला काढायचे. आता चाळीस निघायला लागल्या. रविराज साहेब दोनदा येऊन गेले. मावशी, जरा समजून घ्या म्हणाले. मी म्हटलं, मी समजून घेईन, काठीला कोण समजावणार.

मग कंपनीने डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं. बावीस वर्षांत कधी नाही ते. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. ती आहे, डॉक्टर काही खोटं बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी मला जो कागद दाखवला त्यात लिहिलं होतं, की चांगुणाबाईंना कमी दिसतं आणि त्या सरळ माल बाद करतात. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण म्हणजे माझा डोळा. मी घाईघाईने सांगायला लागले, की अहो, मी कानाने ओळखते. सुपरवायझर हसला. आता हे नवीनच, म्हणाला. त्याची तरी काय चूक, इतकी वर्षं मीच नजरेची शाबासकी घेत बसले होते.

कागदावर खाली दोन सह्या. एक सुपरवायझरची, दुसरी बहिरूची.

बहिरू म्हणजे आमचा लेथवाला. मी लागले त्याच वर्षी लागलेला. पेठकडच्या डोंगरातला माणूस, बोलायला कमी, पण लेथवर हात असा, की काठी टोकापासून बुडापर्यंत कुठे पायरी लागणार नाही. त्या ओल्या लाकडाचं त्याला माझ्याआधी कळलं होतं. कातताना भुसा चिकट येतो, असं त्यानेच मला एकदा जेवताना सांगितलं होतं. आणि त्यानेच सही ठोकली. माझ्या डब्यातली चटणी बावीस वर्षं खाल्लेल्या माणसाने.

मला पॅकिंगला टाकलं. खोक्यात काठ्या भरायच्या, वर चिकटपट्टी मारायची. काचेवर कुणीच आलं नाही. सुपरवायझर तिच्यावर चहाचा पेला ठेवायला लागला.

आणि माझं असं झालं, की जिवाला चैनच पडेना. खोक्यात काठी ठेवताना हात आपोआप फिरायचा. घरी पोळ्या लाटायला घेतल्या की लाटणं ओट्यावर गडगडवून बघायचे. टक, टक यायचं. पूजाने वैतागून नवीन लाटणं आणलं, त्यातूनही टक टक. मग खरी भीती वाटली. लाटणी सगळीच वाकडी असतात, की माझा कानही गेला? डोळा गेल्याचं दुःख नव्हतं मला, डोळा काय, ऑपरेशन करून येतो. पण कान गेला असेल, तर त्या चाळीस काठ्या मी उगीच फेकल्या. मग बहिरूची सही खरी आणि मी खोटी. तीन महिने हा किडा डोक्यात वळवळत होता. जेवण जाईना. कुणाला विचारणार? विचारायची ती काच चहाच्या डागांखाली.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका क्लबने आमच्या काठ्या परत पाठवल्या. नुसत्या ठेवून ठेवून वाकल्या होत्या. मागोमाग पुण्याच्या मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला, की पुढचा माल मी स्वतः येऊन बघणार. तो यायच्या आदल्या दिवशी रविराज साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. साठ काठ्या निवडल्या आहेत, तेवढ्या जरा नजरेखालून घाला म्हणाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसं. म्हणजे गाढव मी झाले, पण चालेल, त्या दिवशी मला गाढवही चाललं असतं.

मी म्हटलं, बघते. पण केबिनमध्ये नाही, माझ्या काचेवर, सगळ्यांसमोर. आणि सगळे लेथ बंद पाहिजेत. साहेबांनी घड्याळ बघितलं, मान डोलावली.

मी काच साबणाने धुतली. लेथ एकेक करत थांबले आणि कारखान्यात कधी नसते अशी शांतता झाली. पन्नास माणसं हातातलं काम टाकून उभी होती. पहिली काठी ठेवली, तिच्यावर तळहात टेकला. फिरवली.

टक, टक, टक.

मागे पॅकिंगची आशा उभी होती. ती हळूच म्हणाली, मावशी, हे तर मलाही ऐकू आलं. म्हणजे माझा कान गेलेला नव्हता. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. वीस काठ्यांनंतर मी डोळे मिटूनच घेतले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असे. साठातल्या अकरा सरळ निघाल्या. एकोणपन्नास वाकड्या, आणि प्रत्येकीचा आवाज अख्ख्या कारखान्याने ऐकला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिथेच फुगडी घालावी इतका.

डोळे उघडले तर समोर बहिरू. टोपी काढून हातात धरलेली. प्रत्येक काठी त्याने कातलेली होती आणि प्रत्येक टक त्याच्या डोक्यावर पडत होता. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रविराज साहेब पुढे आले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की मावशींची पारख उत्तम आहे, आमचीच चूक झाली, सोमवारपासून मावशी परत काचेवर. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. वर तारीख, माल बाद किती ते, आणि कारणाच्या रकान्यात आधीच लिहिलेलं, 'कातकाम सदोष'. खाली माझ्या सहीची जागा.

"लाकडाबद्दल काही नाही यात," मी म्हटलं.

"लाकूड कंपनी घेते, मावशी," साहेब हळू आवाजात म्हणाले. "काततो बहिरू. तुम्ही फक्त तुमचं बघा."

बहिरूच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. माझ्यानंतर त्याचा नंबर, आणि कागद माझ्याच हाताने. पेन मी धरलं होतं. कर सही, असं माझं मन म्हणत होतं. त्याने केली तेव्हा तुझा विचार केला होता का? तीन महिने ज्याच्यासाठी तळमळलीस ते समोर आहे, पांढऱ्या कागदावर. पेन टेकलंसुद्धा मी. शाईचा ठिपका उमटला.

पण डाव्या हातात अजून शेवटची काठी होती आणि बोटं तिच्यावरून फिरत होती. कुठे पायरी नाही, कुठे उंचवटा नाही. असा हात सातपुरात दुसरा नाही. बाक होता तो मधोमध, जिथे लाकूड ओलं राहतं तिथे. कातकाम सदोष म्हणून सही केली, तर मी आत्ता कानाने काय ऐकलं होतं? मग माझ्या कानाला तरी काय किंमत. मी ते दोन शब्द खोडले. वर लिहिलं, 'लाकूड ओलं. कातकाम चांगलं.' आणि सही केली, पूर्ण नावाने.

साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. आवाज तोच, गोड. म्हणाले, मग मावशी, तुमचं पॅकिंगच बरं. लेथ पुन्हा सुरू झाले आणि माणसं आपापल्या जागी गेली. अकरा सरळ काठ्या वरच्या थरात आणि बाकीच्या खाली, साहेबांनी सांगितलं तसं मीच ते व्यापाऱ्याला दाखवायचं खोकं भरलं.

सुटी झाली तेव्हा बहिरू गेटबाहेर उभा होता. माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालला. राग गेलेला नव्हता माझा, अजूनही नाही. रिक्षा आली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ताई, तुझ्या जाग्यावर मी असतो, तर सही केली असती. लय भेकड हाय मी."

"माहीत आहे, बहिरू," मी म्हटलं. "तू केलीच होतीस."