थोरलीचे अक्षर

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी चार बटणे अडकतात, एक तर कायमचे आत जाऊन बसले आहे, आणि माझ्या फटींत इतका भुगा साचला आहे, की मला उलटे करून झटकले तर दोन चिमण्यांचे पोट भरेल. स्वभावाने मी कडवट आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी गाठा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत आलो, सगळे एकाच तोंडवळ्याचे. माझ्या वाट्याला एका लहानशा रुग्णालयाची नोंदणी खिडकी आली. तिथे आठ वर्षे मी आजाऱ्यांची नावे, वये आणि तक्रारी टाइप केल्या. खोकला, ताप, गुडघेदुखी. खिडकीवरचा कारकून मला म्हणायचा, ‘गडी इमानी आहे.’ मग नवा कीबोर्ड आला आणि त्याच कारकुनाने मला अडगळीच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर भिरकावले. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. मी तर वैद्यही नव्हतो.

तिथून मला उचलले ते थोरलीने. ती त्याच रुग्णालयात परिचारिका होती. रीतसर विचारून, वर्तमानपत्रात गुंडाळून तिने मला घरी नेले. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. घरात आई, थोरली आणि कॉलेज संपवून घरी बसलेली धाकटी. खिडकीजवळच्या टेबलावर एक जुना संगणक होता, त्याला मला जोडले.

थोरली जपानी शिकत होती. जपानमधल्या एका संस्थेला वृद्धांची काळजी घेणारी माणसे हवी होती. दरवर्षी परीक्षा आणि मुलाखत घेऊन ते काहीजणांना नेत. थोरली आठवड्यातून तीन दिवस ड्युटी संपली की शिकवणीला जाई. आई एकदा वैतागून म्हणाली, “कशाला हे नसते उद्योग या वयात?”

थोरली म्हणाली, “आई, दहा वर्षं झाली मला तिथे. अजून सगळे ‘ओ सिस्टर, इकडे या’ म्हणूनच हाक मारतात. एकदा तरी मला माझ्या नावाने कुठेतरी बोलावलं पाहिजे.”

सुरुवातीला तिने फजिती करून घेतली. एका छापील तक्त्यावरून तिने जपानी अक्षरे कागदाच्या बारीक तुकड्यांवर लिहिली, कापली आणि चिकटपट्टीने माझ्या एकेका बटणावर बसवली. सबंध रविवार त्यात गेला. दोन अक्षरांना माझ्याकडे बटणच नव्हते, ती तिने माझ्या कडेला लावली. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या बाईंनी सांगितले, की नवशिक्याला याची काही गरज नाही. आवाज इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, की पडद्यावर जपानी अक्षर आपोआप उमटते. मग खालची लांब पट्टी दाबायची. चित्रासारखी अवघड अक्षरे रांगेने पुढे येतात, त्यातले हवे ते उचलायचे. धाकटी हे ऐकून खो खो हसली. म्हणाली, “ताई, तू म्हणजे ना, पाणी प्यायला विहीर खणतेस.”

पण थोरलीला विहीरच खणायची होती. तिने चौकटींच्या वह्या आणल्या आणि पेन्सिलने अक्षरे गिरवायला बसली. जपानी अक्षरात कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हे ठरलेले असते. कुठे रेघ दाबून थांबवायची, कुठे टोक वर उचलायचे, कुठे अलगद सोडून द्यायची, हेही ठरलेले. एकेक अक्षर ती शंभर-शंभर वेळा लिही. तिची एक खोड मात्र जाईना. आडवी रेघ जपानीत उजवीकडे किंचित चढते, आणि थोरली ती शिरोरेघेसारखी सरळ ओढायची. बाई दर आठवड्याला वहीत लाल खूण करीत आणि म्हणत, “तुझं अक्षर मी हजारांत ओळखीन गं.”

जे शिकवणीत शिके ते थोरली घरी धाकटीला शिकवी. धाकटी चलाख. महिन्याभरात तिची बोटे माझ्यावरून अशी पळू लागली, की मलाही अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू? मला धाकटीच जास्त आवडायची. थोरली तासन् तास वहीत डोके घाली आणि मला विसरे. धाकटी माझ्याशिवाय एक अक्षर लिहीत नसे. तिला लिहिता येतच नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. रांगेतले बरोबर अक्षर ती झटकन ओळखायची, पण कोरा कागद पुढे आला की हात थांबायचा. चेहरा ओळखणे वेगळे आणि चेहरा काढणे वेगळे. तिला ओळखण्यावर भागवायची सवय मीच लावली.

दोन वर्षांनी थोरली परीक्षा पास झाली. शिकवणीला न जाता, घरीच शिकून तिच्याबरोबर परीक्षेला बसलेली धाकटीही पास झाली. आणि मुलाखतीच्या तोंडावर आई जिन्यात पडली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आईला उठवणे, बसवणे, चालवणे हे धाकटीच्याने होईना.

थोरली म्हणाली, “या वर्षी तू जा. आई हिंडूफिरू लागली की मावशी येऊन राहील. पुढच्या वर्षी मी येते.”

संस्थेचा एक नियम होता. ‘मला हे काम का करायचे आहे’ यावर एक पान स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे. धाकटीने मजकूर माझ्यावर फटाफट टाइप केला. मग कागद पुढे घेऊन बसली. पहिली ओळ खोडली, दुसरी खोडली. चार कागद फाडले आणि पाचव्यावर रडू लागली.

“ताई, तू लिहून दे ना. एकच पान. कोणाला कळणार आहे?”

“अगं, ते तुझ्या हातचं मागतात.”

“मग राहू दे. दोघीही इथेच कुजू.”

थोरलीने मला बाजूला सारले, कागद घेतला आणि एकटाकी सबंध पान लिहून काढले. प्रत्येक अक्षर आपल्या चौकटीत, प्रत्येक आडवी रेघ सरळ. खाली नाव धाकटीचे.

धाकटी निवडली गेली. मुलाखतीहून आली ती नाचतच. म्हणाली, “ताई, संस्थेच्या साहेबांनी अक्षराचं किती कौतुक केलं! म्हणाले, अशा हातात आमची म्हातारी माणसं सुखरूप राहतील. आणि दुभाषी म्हणून तुझ्या शिकवणीच्या बाईच होत्या, त्या पण म्हणाल्या, छान अक्षर आहे हं तुझं.”

थोरलीने विचारले, “बाई म्हणाल्या? बाईंनी पान पाहिलं?”

“पाहिलं की.”

थोरली बॅग भरायला लागली, धाकटीची.

महिन्याभराने धाकटीचा पडद्यावर फोन आला. गाल वर आले होते, गणवेश शोभत होता. म्हणाली, “ताई, इथे हाताने कोणी काही लिहीतच नाही. सगळं टाइप करायचं. तू उगाच एवढ्या वह्या भरल्यास.” थोरली हसली. मला तेव्हा प्रथमच धाकटीचा राग आला.

वर्ष गेले. आई काठी घेऊन चालू लागली. मावशी येऊन राहायला तयार झाली. थोरलीने आपले पान लिहिले, आपल्या हाताने, आपल्या नावाने. मुलाखत या वेळी घरूनच द्यायची होती, संगणकावर. तिने टेबल पुसले, मला पुसले आणि इस्त्रीची साडी नेसून माझ्यासमोर बसली. पडद्यावर परदेशातले साहेब होते, आणि शेजारच्या चौकोनात दुभाषी म्हणून शिकवणीच्या बाई.

पहिली दहा मिनिटे झकास गेली. मग साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी धरून दाखवले आणि जपानीत काही विचारले. थोरलीला प्रश्न कळला होता, तिचा चेहराच सांगत होता. तरी बाईंनी भाषांतर केले. “साहेब विचारताहेत, हे गेल्या वर्षीचं तुमच्या बहिणीचं पान आणि हे तुमचं. अक्षर एकच आहे. बहिणीने लिहून दिलं का?”

थोरलीने बाईंकडे पाहिले. दोन वर्षे जिने लाल खुणा केल्या, हजारांत अक्षर ओळखीन म्हणाली, ती बाई. बाईंनी मान खाली घातली आणि समोरचे कागद सारखे करू लागल्या. त्यांच्या शिकवणीमार्फत अर्ज करून गेलेली मुलगी लबाडीने गेली असे उघड झाले असते, तर पुढच्या वर्षी त्यांच्याकडे कोण आले असते?

थोरलीच्या हाताशी पेन्सिल होती. दोन ओळी त्यांच्यासमोर लिहून दाखवल्या असत्या, तर काम फत्ते होते. पण मग गेल्या वर्षीचे पान कोणाचे, हा प्रश्न आलाच असता, आणि धाकटी पहिल्या विमानाने घरी आली असती. मी मनात ओरडत होतो, लिही, अगं लिही! माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

थोरली जपानीत म्हणाली, “हो. धाकटीने लिहून दिलं.”

साहेबांनी कागद खाली ठेवले. पुढची दोन वाक्ये फार सभ्य होती. मग पडदा काळा झाला.

आतल्या खोलीतून आईने विचारले, “काय झालं गं?”

“नाही घेतलं.”

आई सुस्कारा टाकून म्हणाली, “धाकटीकडून नीट शिकून घ्यायचं होतंस. ती पहिल्यापासूनच हुशार.”

संध्याकाळी धाकटीचा निरोप आला. जपानीत होता, एकही चूक नसलेला. ‘ताई, बाईंचा फोन आला होता. तू माझं काही सांगितलं नाहीस ना?’

थोरलीने माझ्यावर एवढेच टाइप केले, ‘नाही.’

‘बरं झालं. ड्युटीवर जाते,’ असे उत्तर आले. त्यानंतर थोरली माझ्यासमोर बसली नाही. आता आई माझ्यावर भाजीची टोपली ठेवते आणि मिरचीची देठे माझ्या फटींत जातात.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने ‘मला जपा, मला पुसा’ अशी विनवणी करायची असते. मला नका पुसू, मी अडगळीतही राहिलेलो आहे. पण तुमच्या यशाचे पान दुसऱ्या कुणी लिहून दिले असेल, तर विचारणाऱ्यासमोर गप्प बसू नका. तिचे नाव घ्या. त्या रुग्णालयाच्या वॉर्डात आजही लोक ‘ओ सिस्टर, इकडे या’ म्हणतात, आणि थोरली जाते.