न डुलणारा तारा

सकाळी साडेसातला ज्ञानेश चाकणहून तिसरी शिफ्ट करून घरी आला, तो काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊनच. मृदुला दारातच उभी. एका हातात छोट्या ओजसचा थर्मामीटर, दुसऱ्या हातात इस्त्रीची साडी. दहा वाजता रहाटणीतल्याच एका शाळेत आठवीच्या वर्गावर तिचा डेमो तास होता. एम.एस्सी. होऊन पाच वर्षं झाली, त्यातली चार ओजसच्या मागे गेली, आणि आता कुठे नोकरीचं बोलावणं आलं होतं.

"बघ, काय चीज बनवलीय!" ज्ञानेशनं कागद सोडला.

चीज देखणी होती, यात वाद नाही. स्प्रिंगवर उभा दांडा, टोकाला पिवळा रंगवलेला लाकडी गोळा, बाजूच्या दोन सळ्यांवर पोलादाचे दोन काळे गोळे आणि खाली फिरवायला मूठ. पिवळा तो सूर्यासारखा एक तारा. काळे ते त्याचे अवजड सोबती, गुरू ग्रहाच्या कितीतरी पट वजनाचे. ताऱ्याच्या झगमगाटात ते दिसत नाहीत; पण ते फिरतात तसा ताराही जागच्या जागी डुलतो, आणि त्या डुलण्यावरून कळतं की जवळ कुणीतरी भारी आहे. मृदुलाचा अख्खा तास या एका डुलण्यावर उभा होता.

तिनं मूठ फिरवली. काळे गोळे गरगरले. पिवळा मात्र कळसासारखा स्थिर.

"हा डुलत का नाही?"

"डुलेल कसा?" ज्ञानेशची छाती फुगली. कंपनीत तो बॅलन्सिंग मशीनवर होता. फिरत्या वस्तूतली थरथर काढून टाकायची, हेच त्याचं आठ वर्षांचं काम. "आधी असा थडथडत होता, की लाज वाटली. मग ब्रेकमध्ये मशीनवर चढवला. ही खाली दोन वजनं वेल्ड केली. आता एक ग्रॅमचा फरक दाखव!"

"अहो, मला थडथडणाराच हवा होता! चार वेळा सांगितलं. चित्र काढून दिलं, त्यावर लिहून दिलं."

"वाचलं की. पण एकदा मशीनवर माल चढला, की हात आपोआप..."

"मग काढा ती वजनं."

"वेल्डिंग घासून काढायला घरात कुठाय ग्राइंडर?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, सगुणाबाईंचा आवाज आला, "फिरतंय न्हवं? मग झालं की! माझा ल्योक कामाला चोख हाय."

चोख आहे तेच तर नडलं, हे मृदुलाच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात ओजस खोकला. तिनं थर्मामीटर पाहिला: नव्याण्णव पॉइंट दोन. ताप म्हणावा तर नाही, नाही म्हणावं तर जिवाला चैन नाही. तिला रडू यायला लागलं. या घरात आपण बोलतो ते सगळ्यांना ऐकू जातं, पोचत कुणालाच नाही.

ती तणतणत आत गेली, परातीतून कणकेचा गोळा तोडला आणि एका काळ्या गोळ्यावर थापला. मूठ फिरवली. पिवळा गोळा डुलू लागला.

"आगं, अन्नाचा खेळ करती व्हय?" सगुणाबाई म्हणाल्या.

"आई, अर्ध्या पोळीचीच आहे. ओजसला दहाला औषध द्या. दहाला हं!"

वर्गात सुरुवात बरी झाली. तारा डुलला, मुलं माना पुढे काढून बघू लागली. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका वहीत काहीबाही लिहीत होत्या. मृदुलाला जोर चढला, मूठ भराभर फिरली, आणि कणीक सुटून थेट मुख्याध्यापिकांच्या वहीवर जाऊन आपटली. वर्गात हशा पिकला. तारा ठप्प, स्थिर.

ज्ञानेशचं नाव घेऊन तिनं मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

"मॅडम," पुढच्या बाकावरची सई नावाची मुलगी म्हणाली, "ते चिकटवलेलं गेलं म्हणून थांबला का?"

मृदुला थबकली. मग शेवटच्या बाकापर्यंत जाऊन म्हणाली, "माफ करा, तेवढी कणीक देता का?"

तिनं मॉडेलपुढे वर्तमानपत्राचा आडोसा धरायला दोन मुलं उभी केली; फक्त पिवळा गोळा वर दिसत होता. पाठमोरी होऊन कणीक कधी लावली, कधी काढली आणि दर वेळी मूठ फिरवली. "काळ्यांकडे बघायचं नाही. पिवळ्याकडे बघून सांगा, आहे की नाही?"

"आहे!" वर्ग ओरडला. "आता नाही! आहे, आहे!"

एकदाही चुकले नाहीत. न दिसणाऱ्या सोबत्याचा पत्ता आठवीच्या पोरांनी काढला.

मुख्याध्यापिका वही पुसत म्हणाल्या, "सोमवारी साडेनऊला कागदपत्रं घेऊन या."

घरी ज्ञानेश डोळे चोळत उठला. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्या बॅलन्सिंगमुळेच जमलं! मुळात स्थिर नसता तर फरक कसा कळला असता?"

ते खरं होतं. म्हणूनच मृदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओजसच्या कपाळावर हात ठेवत तिनं विचारलं, "दहाला औषध दिलं?"

"आईनं दिलं बहुतेक."

"बहुतेक! आता नीट ऐका. सोमवारी सकाळी नऊ ते बारा ओजस तुमच्याकडे. आई देहूला जाणार आहेत. काय सांगितलं मी? म्हणून दाखवा."

"ऐकलं गं."

"म्हणून दाखवा."

ज्ञानेशनं मॉडेलची मूठ सहज फिरवली, स्थिर गोळ्याकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाला, "मंगळवारी सकाळी..."