वाटेत अडकलेलं मेहूण

मी एक मोरपंखी रंगाची, बॅटरीवर चालणारी मोटार बोलतेय. माझा आवाज फारसा नाही, हे आधीच सांगते. रस्त्यानं जाते तेव्हा म्हशीसुद्धा मान वळवत नाहीत. पण आत साठलेलं पुष्कळ आहे, आणि आज पोटभर चार्ज झाला आहे, तेव्हा बोलून घेते.

माझा जन्म कारखान्यातला. पिवळ्या यांत्रिक हातांनी मला जोडलं, पुसलं आणि कपाळावर एक कागदी पट्टी चिकटवून बाहेर काढलं. कुंकू लागायचं होतं, पण त्याला वेळ होता.

माझे पहिले मालक शिरवळच्या एका कंपनीत साहेब होते. माणूस भला, पण जिवाला फार घोर. तापलेल्या पोराच्या काखेतला थर्मामीटर बघावा तसे माझे टक्के बघत बसायचे. खंबाटकीचा घाट आला की एसी बंद, गाणी बंद, बायकोनं फोन चार्जिंगला लावला असेल तर तोही काढायचा. कागदावर मी अडीचशे किलोमीटर चालते. पण कागद सपाट असतो, त्यावर घाट नसतो, ऊन नसतं आणि मागच्या सीटवर सासूबाई नसतात. शेवटी बिचाऱ्यांची झोप उडाली. त्यांनी मला विकून डिझेलची गाडी घेतली आणि म्हणे पहिल्याच रात्री घोरले.

मग मी साताऱ्याला आले, गंगाधररावांच्या घरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पाणी सोडायचं आणि बंद करायचं यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे विजेचंही तसंच असणार, अशी त्यांची समजूत. मला त्यांनी पत्नीच्या नावावर घेतलं. पद्माताईंच्या नावावर घेतलेली प्रत्येक वस्तू घरात टिकते, असा त्यांचा अनुभव होता.

पद्माताईंचं काय सांगू. त्यांच्या कॅलेंडरवर कोरा चौकोन शोधावा लागतो. संकष्टी, प्रदोष, गुरुवार, शुक्रवारची सवाष्ण, आणि मधे कुणासाठी तरी देवाला काहीतरी बोललेलं. कुणाच्या पोराची परीक्षा असली तरी उपाशी ह्याच. मी दारात आले तशी त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला, आणि माझं नाव ठेवलं गौराई. रोज तुळशीला पाणी घातलं की ओल्या हातानं माझ्या कपाळी हळदकुंकवाचं बोट लागायचं. शेजारणी विचारायच्या, ही मधेच थांबली तर हो काय करता? त्या म्हणायच्या, हिचं आपल्यासारखंच आहे, एकदा नीट फराळ झाला की दिवस निघतो.

तर फराळाचीच गोष्ट सांगायची आहे.

गंगाधररावांची धाकटी बहीण कुमुदिनी सांगलीत असते. तिचे यजमान नानासो यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिनं सोळा सोमवार धरले. ऑपरेशन सुखरूप झालं. नानासो असे ठणठणीत झाले, की आता सगळ्या पै-पाहुण्यांना त्यांच्या थट्टेपासून वाचवायला वेगळं व्रत धरावं लागेल. मार्गशीर्षात सतरावा सोमवार आला, उद्यापनाचा. उद्यापनाला मेहूण, म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, जेवू घालायचं असतं. ते जेवून उठलं की व्रत करणारीनं उपवास सोडायचा. कुमुदिनीताई स्वतः साताऱ्याला येऊन दादा-वहिनींच्या हातात अक्षता देऊन गेल्या. अक्षत घेतली म्हणजे शब्द दिला. मग ऐनवेळी शेजारच्या गल्लीतलं दुसरं जोडपं बसवता येत नाही. आणि त्या दिवशी मेहूण जेवेपर्यंत आपण पाणीसुद्धा घेणार नाही, असं त्यांनी देवापुढे बोलून टाकलं होतं. अलीकडे त्यांना मधूनच चक्कर यायची, म्हणून पद्माताईंना त्याचीच काळजी.

ह्या घराण्यात आणखी एक रीत. मेहूण म्हणून जाणाऱ्या सवाष्णीनं सकाळी आंघोळ केली की पानावरचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत मौन पाळायचं. सासूबाईंनी पाळलं, त्यांच्या सासूबाईंनी पाळलं. त्यांच्या काळी गाड्या मुक्या नव्हत्या आणि गाड्यांना बोलणाऱ्या बायकांची गरज पडत नव्हती, एवढाच फरक.

आदल्या संध्याकाळी पद्माताई चुरम्याचे लाडू करायला बसल्या. घरचा खपली गहू, आणि पीठ घरच्याच गिरणीवर दळायचं, बाहेरचं देवाला चालायचं नाही. आमच्या घरात जाड पिनेचा प्लग एकच. तो माझा. त्यांनी माझी वायर काढली, गिरणी लावली, दळण दळलं, पीठ चाळलं, लाडू वळले, देवाला हात जोडले आणि समाधानानं झोपल्या. माझी वायर अंगणात तशीच पडून राहिली. मी रात्रभर तिच्याकडे बघत होते. बोलता येत असतं तर हाक मारली असती.

सकाळी गंगाधररावांनी मला चालू केलं तर सेहेचाळीस टक्के. ते म्हणाले, हे कसं काय? पद्माताईंनी कपाळाला हात लावला आणि हवेत गोल गोल हात फिरवून दाखवला. गिरणी, गिरणी. गंगाधररावांना वाटलं, ही चाक फिरवायला सांगतेय, चला म्हणतेय. म्हणाले, हो हो, निघालोच, कराडला मोठं चार्जर आहे, चहा होईस्तोवर भरेल. आणि निघालो.

कराडपर्यंत मी मजेत होते. उतार आला की थोडं कमवायचं, चढ आला की खर्च करायचं, संसारच तो. कराडचं यंत्र दिवे लावून उभं होतं. फक्त त्याला पद्माताईंच्या फोनमधलं ॲप उघडून गुप्त आकडा हवा होता. गंगाधररावांचा स्वतःचा फोन बटणांचा. पद्माताईंनी फोन मागितला, तर म्हणाले, राहू दे, मला जमतं, तू नुसते आकडे दाखव. त्यांनी बोटं दाखवली. दोन. सात. मग मूठ, म्हणजे शून्य. गंगाधरराव थांबले. मूठ म्हणजे थांब, असं त्यांना वाटलं. बराच वेळ थांबून त्यांनी शून्य सोडून पुढचा आकडा दाबला. चुकलं. पुन्हा दोन, सात, मूठ. पुन्हा थांबले. असं तीनदा झालं आणि ॲपनं सुरक्षेसाठी खातं बंद केलं. पद्माताईंनी फोन ओढून घेतला तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यापुढे मौन म्हणजे काहीच नाही. गंगाधरराव म्हणाले, हे यंत्रच बिघडलेलं दिसतंय, इस्लामपूरला बघू.

कराड सुटलं आणि ऊसवाहतूक सुरू झाली. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर डोंगराएवढा ऊस, मागे त्याची धूळ खात आम्ही. एसी बंद, काचा खाली. माझे टक्के पंधरा झाले, बारा झाले. पद्माताई मांडीवर लाडवांचा डबा घेऊन मनातल्या मनात जप करत होत्या, आणि प्रत्येक टक्का गेला की डबा आणखी घट्ट धरायच्या. खरं सांगू, मलासुद्धा गंमत वाटत होती. एवढा जप आजवर कुणी माझ्यासाठी केला नव्हता.

इस्लामपूरच्या अलीकडे हंबीररावांचं हॉटेल. मागच्या अंगणात चार्जर. मी सात टक्क्यांवर तिथं पोचले तर चार्जरसमोर एक दांडगी डिझेलची जीप लावलेली, सावली आहे म्हणून. तिचे मालक आत मिसळ खात होते. त्यांना निरोप गेला तर उत्तर आलं, दुसरा पाव मागवलाय. शेवटी हंबीरराव स्वतः जाऊन त्यांची ताटली उचलून बाहेर घेऊन आले, मागोमाग मालक आले, जीप हलली.

पण खातं बंद ते बंदच. गंगाधररावांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून एक मुलगी फार गोड बोलली. खातं लगेच उघडेल म्हणाली, फक्त ज्यांच्या नावावर आहे त्या मॅडमनी स्वतः नाव आणि जन्मतारीख सांगायची.

गंगाधरराव म्हणाले, "त्यांचं मौन आहे."

"सर, रेंजचा प्रॉब्लेम आहे का?"

"नाही हो. व्रताचं मौन आहे."

मुलीनं काही कळा दाबून बघितल्या. मग म्हणाली, सर, तसा पर्याय माझ्या स्क्रीनवर नाही.

हंबीररावांनी आपल्या फोनवर ॲप घेऊन बघितलं, पण त्यात जागा नव्हती, सगळी नातवाच्या नाचाच्या व्हिडिओंनी भरलेली. मग त्यांनी मोठ्या मनानं स्वयंपाकघरातला प्लग दिला. माझी वायर लावली मात्र, आणि अख्ख्या हॉटेलचा फ्यूज गेला. आतून लोक ओरडायला लागले. प्लग काढला, हॉटेलचे दिवे आले, माझे टक्के मात्र सातच.

हंबीरराव पद्माताईंसमोर हात जोडून उभे राहिले. "आवं वैनी, नाव आन तारीख, दोनच तर शब्द. देव काय लय मनावर घेत न्हाई."

गंगाधररावही हळूच म्हणाले, बोल गं, कुमू तिकडे उपाशी आहे.

पद्माताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलावं तर मेहूण मोडतं आणि नणंदेचे सोळा सोमवार उणे होतात. न बोलावं तर नणंद पाण्यावाचून बसलेली. त्या माझ्या मागच्या काचेपाशी आल्या आणि धुळीवर बोटानं लिहिलं, ‘वन्संना फोन करा. त्या सांगतील ते.’ माझ्या अंगावर इतक्या मऊ हातानं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

फोन नानासोंनी घेतला. सगळं ऐकून म्हणाले, "पाव्हणं, माझ्या छातीत डॉक्टरांनी तार घातलीय, ती तुमच्या गाडीपेक्षा बरी चालतीय. ट्रॅक्टर पाठवू का ओढायला?" तेवढ्यात त्यांच्या हातातून फोन गेला. कुमुदिनीताईंचा आवाज बारीक झाला होता.

"दादा, वहिनी बोलल्या का?"

"नाही. एक अक्षर नाही."

"मग तिथनं हलू नका. ताट घेऊन मी येते."

काय सांगू तुम्हाला, पुढचा सगळा सोहळाच झाला. हंबीररावांनी चार्जरसमोरची जागा झाडून पाणी मारलं, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या मागे सरकवल्या. मिसळवाल्या पाहुण्यांनी आपली जीप आणखी लांब नेली आणि वर उन्हाला आडोसा म्हणून स्वतःची ताडपत्री बांधून दिली. कुणीतरी विड्याची पानं आणली. ऊन कलायला लागलं तसा सांगलीशेजारच्या कुपवाडचा एक टेंपो आत वळला. कुमुदिनीताईंच्या मुलाच्या, सुमंतच्या वर्कशॉपचा. पुढे कुमुदिनीताई, मागे लोखंडी नळ्या, आणि नळ्यांच्या मधे नानासो पाट, समई आणि पुरणाची परात मांडीवर धरून बसलेले, वरातीतल्या करवल्यासारखे. उतरताना म्हणाले, पंक्चर झालेल्या गाडीकडे जाताना माणूस स्टेपनी नेतो, आम्ही स्वयंपाक आणलाय.

पाट मांडले. रांगोळी नव्हती, म्हणून हंबीररावांनी तांदळाचं पीठ दिलं. समई पेटली. कुमुदिनीताईंनी दोघांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली. तेवढ्यात गंगाधररावांच्या खिशात फोन वाजला. मदत केंद्रातली तीच मुलगी. मॅडम आता बोलू शकतील का, असं विचारत होती. हंबीररावांनी फोन घेतला आणि पद्माताईंच्या पानाशेजारी धरून उकिडवे बसले.

पद्माताईंनी पहिला घास घेतला. मौन सुटलं. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मीसुद्धा.

त्या म्हणाल्या, "वन्सं, आधी तुम्ही खाली बसा. उभ्यानं वाढू नका."

फोनमधली मुलगी म्हणाली, हॅलो? हंबीरराव कुजबुजले, जरा दम धरा ताई, पान चाललंय. पद्माताई आणि गंगाधरराव भराभरा जेवले. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, काही टाकायचं नाही. नानासो प्रत्येक घासाला शाबास म्हणत होते. पान संपलं, दोघं उठले, हात धुतले, आणि पद्माताईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून नणंदेच्या ओठांना लावलं. कुमुदिनीताई घटाघट प्यायल्या आणि मग वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागल्या. रडतही असतील, मला माझ्या जागेवरून एवढंच दिसलं.

मग पद्माताईंनी फोन घेतला. नाव सांगितलं. जन्मतारखेला अडखळल्या.

"शाळेतली सांगू का खरी?"

"मॅडम, खात्यावर आहे ती."

"म्हणजे शाळेतली." त्यांनी सांगितली. मग म्हणाल्या, "तू जेवलीस का गं?"

"नाही मॅडम. तुमचा कॉल सुरू होता ना."

"मग बाळ, हे बटण दाब आणि पहिली जेवायला ऊठ."

माझ्या पोटात खट्ट झालं. हिरवा दिवा लागला. वीज सरसरत आत यायला लागली, जणू दिवसभराच्या उपासानंतरचं दूध. अंगणातल्या सगळ्यांच्या हातावर चुरम्याचा लाडू पडला, जीपवाल्यांना दोन. पोट भरल्यावर मी मेहुणाला घेऊन सांगलीला गेले, कुमुदिनीताई पुढच्या सीटवर झोपल्या होत्या, आणि संध्याकाळची आरती त्यांच्याच घरी झाली.

आता मी साताऱ्यात सुखात आहे. अजूनही कुठलं यंत्र बंद असतं, कुठल्याला दहा ॲप लागतात, कुठल्याची वायर माझ्यापर्यंत पोचत नाही. व्हायचंच, आमची जात नवी आहे. सुधारेल. पद्माताईंनी त्यासाठीही काहीतरी बोललेलं आहे, असं मला कळलंय.

माझं मागणं एवढंच. चार्जरसमोरच्या सावलीत आपली गाडी लावू नका. तिथं उभं राहायला निघालेलं कुणीतरी वाटेत असतं, आणि त्याची वाट बघत दुसऱ्या गावी कुणीतरी पाण्यावाचून बसलेलं असतं.